निळ्या बाळांची डॉक्टरीणबाई

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी निघणाऱ्या स्मरणिकेत एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असावे, अशी पद्धत आहे. अहिल्याबाई, सावित्रीबाई, आनंदीबाई, कस्तुरबा यांची चरित्रे आपण वाचतो आणि मुलींना वाचून दाखवतो. यंदा मी जिच्याविषयी लिहिणार आहे, ती बाई आपल्या देशातली नव्हती. तिने नऊवारी नेसली नाही, मंगळागौर जागवली नाही, संसारही केला नाही. तरीपण ज्या घरात बाळंतपण झाले आहे, अशा प्रत्येक घराशी तिचा ऋणानुबंध आहे. तिचे नाव डॉ. हेलन टॉसिग.

आपल्यापैकी वडीलधाऱ्या बायकांनी असे बाळ पाहिले असेल. जन्मते तेव्हा गोरेगोमटे, चांगले रडणारे. दोन-चार दिवस गेले की अंगावर पिताना त्याला धाप लागते, कपाळावर घाम येतो, दोन घोट घेऊन ते थकून जाते आणि ओठ जांभळे पडतात. मग कोणी म्हणते दृष्ट लागली, कोणी म्हणते आईचे दूध बाधले, कोणी सुनेच्या पायगुणावर बोट ठेवते. मीठमोहऱ्या उतरल्या जातात, अंगारा लावला जातो. बाळ जाते, आणि त्याच्या मागे राहिलेल्या आईच्या माथी उगाच एक दोष चिकटून बसतो. दोष असतो तो बाळाच्या काळजाजवळच्या रक्तवाहिनीत. ती आईच्या पोटात असतानाच वेडीवाकडी घडलेली असते. त्यात ना आईचे चुकते, ना दुधाचे. हे उलगडून दाखवण्यात या बाईने आपले आयुष्य वेचले.

आपल्या वर्धेचा आणि तिचा एक लांबचा धागाही आहे. सेवाग्रामला १९४५ साली कस्तुरबा रुग्णालय सुरू करणाऱ्या आणि १९६९ साली तेथे खेड्यातले वैद्यकीय महाविद्यालय उभे करणाऱ्या डॉ. सुशीला नायर आपल्या सर्वांना ठाऊक आहेत. महात्माजी गेल्यानंतर त्या सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेण्यासाठी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स या विद्यापीठात गेल्या होत्या. त्याच संस्थेच्या इस्पितळात त्या सुमारास टॉसिगबाईंचा दवाखाना देशोदेशींच्या निळ्या पडलेल्या मुलांनी भरून वाहत होता.

हेलनचा जन्म २४ मे १८९८ रोजी अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या केंब्रिज गावी झाला. वडील फ्रँक टॉसिग हे हार्वर्ड विद्यापीठात अर्थशास्त्राचे नामांकित प्राध्यापक. आई त्या काळच्या मानाने चांगली शिकलेली होती. मुलींच्या रॅडक्लिफ कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या काही विद्यार्थिनींपैकी ती एक. चार भावंडांत हेलन शेंडेफळ. घरात पुस्तकांना तोटा नव्हता, पण नेमके वाचनच या मुलीला जमेना. अक्षरे डोळ्यांपुढे उलटीसुलटी होत, ओळी एकमेकींत मिसळत. अशा मुलांच्या अडचणीला आज शास्त्रीय नाव आहे. त्या वेळी ते फारसे कोणाला ठाऊक नव्हते. शाळेत तिची गणना मठ्ठ मुलांत होई. वडिलांनी मात्र धीर सोडला नाही. एवढा मोठा प्राध्यापक रोज मुलीला जवळ घेऊन बसे आणि एकेक शब्द लावून घेई. हेलन अकरा वर्षांची असताना क्षयाने आई गेली. क्षयाची बाधा हेलनलाही झाली होती, आणि त्यात तिची शाळा बरीच बुडाली. वाचायला वेळ लागतो म्हणून जे वाचायचे ते नीट, थांबून, दोनदा पाहायचे, ही सवय तिला लहानपणीच लागली. पुढे हीच सवय तिची शिदोरी ठरली.

रॅडक्लिफला दोन वर्षे काढून ती कॅलिफोर्नियाला गेली आणि १९२१ साली पदवीधर झाली. डॉक्टर व्हायचे तिने ठरवले, पण हार्वर्डचे वैद्यकीय महाविद्यालय त्या काळी बायकांना प्रवेश देत नसे. सार्वजनिक आरोग्याच्या शाखेत चौकशी केली तेव्हा उत्तर मिळाले की वर्गात बसायला हरकत नाही, अभ्यास पुरा करायलाही हरकत नाही, पदवी मात्र मिळणार नाही. अशा अर्धवट पंगतीला बसण्यात तिला रस नव्हता. काही दिवस एका विषयाच्या व्याख्यानांना बसायची परवानगी मिळाली, तीही कोपऱ्यात वेगळे बसायच्या अटीवर. आपल्याकडे मुली पहिल्याने शाळेत गेल्या तेव्हा त्यांना काय सोसावे लागले हे आपण जाणतोच. विद्येच्या त्या मोठ्या माहेरघरी विसाव्या शतकातही तीच तऱ्हा होती. हार्वर्डने वैद्यकीचा दरवाजा बायकांना उघडला तो थेट १९४५ साली.

मग ती बॉस्टन विद्यापीठात शरीरशास्त्र शिकायला गेली. तेथील अध्यापक डॉ. बेग यांनी एके दिवशी तिच्या हातात बैलाचे काळीज ठेवले आणि शरीराच्या एका मोठ्या इंद्रियाचा अभ्यास केलास तर तुझे नुकसान होणार नाही, अशा अर्थाचा सल्ला दिला. त्या दिवसापासून काळीज हाच तिचा विषय झाला. पुढील शिक्षणासाठी तिने बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सची वाट धरावी, हेही त्यांनीच सुचवले.

त्या महाविद्यालयाची एक गोष्ट आपल्यासारख्या मंडळांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. ते उघडायला पैसा कमी पडत होता, तेव्हा मेरी गॅरेट आणि त्यांच्या मैत्रिणींनी समिती स्थापन करून निधी उभा केला. पण निधी हातात देताना अट घातली की पुरुषांना ज्या अटींवर प्रवेश मिळेल त्याच अटींवर बायकांनाही मिळाला पाहिजे. १८९३ साली महाविद्यालय उघडले ते ही अट मान्य करूनच. बायकांनी जमवलेल्या वर्गणीने उघडलेल्या त्या दारातून एकतीस वर्षांनी, १९२४ साली, हेलन आत गेली आणि १९२७ साली डॉक्टर होऊन बाहेर पडली.

दार उघडले तरी उंबरठे शिल्लक होतेच. मोठ्या माणसांच्या विभागात उमेदवारी करायची तिची इच्छा होती, पण तेथे एका बाईची निवड झाली होती आणि एका वर्षी एकच बाई पुरे असा रिवाज होता. म्हणून ती बालरोग विभागाकडे वळली. तेथील प्रमुख डॉ. एडवर्ड्स पार्क हे गुणांची पारख असलेले गृहस्थ. १९३० साली त्यांनी हॅरिएट लेन या मुलांच्या इस्पितळातला हृदयरोगाचा लहानसा दवाखाना या तरुण डॉक्टरीणबाईंच्या स्वाधीन केला. दवाखाना म्हणजे काय, हाताशी दोन माणसे आणि मोजकी साधने. सांधेतापाने काळीज बिघडलेली मुले तेथे येत, आणि त्या कामात त्यांचे मन रमले होते. पार्कसाहेबांनी त्यांना आणखी एक काम नेमून दिले. जन्मतःच काळजात आणि रक्तवाहिन्यांत खोट असलेली बाळे त्यांनी तपासावीत. हे काम त्यांना प्रथम मुळीच आवडले नाही. जिथे उपाय नाही तिथे तपासून काय मिळवायचे, असे कोणालाही वाटणारच.

याच सुमारास आणखी एक संकट कोसळले. तिशी ओलांडते न ओलांडते तोच बाईंना ऐकू येईनासे झाले. काळजाच्या डॉक्टराचे कान जाणे म्हणजे सोनाराची नजर जाण्यासारखे. छातीवर नळी ठेवून आत काय चालले आहे हे ऐकायचे, त्यावर तर सारे निदान. बाई लोकांच्या ओठांवरून बोलणे ओळखायला शिकल्या. कानाला यंत्र लावले, आवाज मोठा करणारी नळी वापरली. आणि मुख्य म्हणजे त्यांनी आपल्या तळहाताला ऐकायला शिकवले. बाळाच्या छातीवर हलकेच हात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि थांबायचे. रक्त अरुंद वाटेतून जोराने जाऊ लागले की छातीला बारीक थरथर सुटते. मांजर अंगावर निजले म्हणजे त्याची घुरघुर हाताला लागते ना, तशी. ही थरथर कुठे आहे, कोणत्या ठोक्याबरोबर येते, कुठवर पसरते, हे त्या बोटांनी वाचू लागल्या. बाळालाही तो ऊबदार हात बरा वाटे, आणि ते रडायचे थांबे.

मोजक्या साधनांत बाई निदान कसे करीत, हे थोडे सविस्तर सांगते, कारण या चरित्राचे सार त्यातच आहे. प्रथम नुसते पाहायचे. ओठ, जीभ, नखे निळी आहेत का? रडताना निळी होतात की निजलेली असतानाही? बोटांची टोके फुगून गोल झाली आहेत का? मूल चालते असेल तर चार पावले टाकून मध्येच उकिडवे बसते का? त्या खोडीला हट्ट म्हणून रागावू नये. उकिडवे बसल्याने फुप्फुसांकडे थोडे अधिक रक्त वळते आणि मुलाला दम घेता येतो. हे त्या लेकराला कोणी शिकवलेले नसते. मग नाडी पाहायची, हाताची आणि जांघेचीही. हाताची नाडी टणटणीत आणि जांघेची लागतच नसेल, तर शरीराला रक्त पुरवणारी मोठी धमनी वाटेत कुठेतरी आवळलेली आहे असे समजावे. या तपासाला दोन बोटे लागतात, पैसा लागत नाही.

त्यानंतर यंत्र. पार्कसाहेबांनी दवाखान्याला क्ष-किरणांचा एक पडदा मिळवून दिला होता. अंधाऱ्या खोलीत बाळाला त्या पडद्यामागे धरले की काळजाची धडधडती सावली दिसे. बाई बाळाला समोरून, डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर फिरवून पाहत. फुप्फुसांत रक्त भरपूर जाते की कमी, काळजाचा कोणता कप्पा मोठा, कोणता खुजा, हे सावलीच्या आकारावरून ताडत. कागदावर काळजाची विद्युत्‌लहर उमटवणारे यंत्रही असे. एवढी सामग्री. जे पाहिले ते त्या लिहून ठेवीत. पुढे ते बाळ दगावले, तर मृत्यूनंतरच्या तपासणीला स्वतः उभ्या राहत आणि आपले अनुमान कुठे बरोबर होते, कुठे चुकले, हे त्या इवल्याशा काळजाशी ताडून पाहत.

असे करता करता एक दिवस ध्यानात आले की दोन वेगवेगळ्या घरच्या बाळांची सावली अगदी सारखी दिसली होती आणि आतली खोटही सारखीच निघाली. म्हणजे या विकृती हा काही निसर्गाचा मनमानी खेळ नव्हे. प्रत्येक खोट आपली ठरावीक खूण बाहेर उमटवते, आणि ती खूण जिवंत बाळात ओळखता येते. तोवर बहुतेक डॉक्टर अशा बाळांना जन्माने निळे एवढेच म्हणून सोडून देत. हजार बाळांमागे आठ-नऊ बाळांच्या काळजात किंवा त्याजवळच्या वाहिन्यांत जन्मतः काही ना काही दोष असतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे. पण त्याचे प्रकार इतके आहेत की एकेक प्रकार विरळाच भेटतो. म्हणूनच तो ओळखायला जन्मभराची टिपणे लागतात.

दहा वर्षे आणि वर बाईंनी हे काम केले, आणि त्या साऱ्या काळात निळ्या बाळांवर काही इलाज नव्हता. आजाराचे नाव सांगायचे आणि आईला घरी पाठवायचे. हे काम निरर्थक आहे असे म्हणणारे होते. दुसरी कोणी असती तर कंटाळली असती. पण उपाय सापडला तो या निरर्थक वाटणाऱ्या वहीतच.

तो कसा, हे आपल्या पाटाच्या पाण्यावरून समजेल. पोटातले बाळ श्वास घेत नाही, म्हणून त्याच्या फुप्फुसांना फारसे रक्त लागत नाही. ते रक्त परस्पर मोठ्या धमनीत वळवायला देवाने एक आडवा पाट ठेवलेला असतो. जन्मानंतर काही तासांत, फार तर काही दिवसांत, तो आपोआप बुजतो. निरोगी बाळात तो बुजलाच पाहिजे. पण ज्याची फुप्फुसांकडे जाणारी मुख्य वाहिनीच अरुंद घडली आहे, त्या बाळाला हाच आडवा पाट जगवत असतो, कारण त्यातून रक्त उलटे फुप्फुसांकडे येते. मुख्य पाट गाळाने भरलेल्या शेताला शेजारच्या बाऱ्यातून पाणी मिळावे, तसे हे. टॉसिगबाईंच्या ध्यानात आले की अशी बाळे पहिले काही दिवस बरी असतात, आणि तो पाट बुजला की एकाएकी निळी पडून जातात. ज्यांचा उघडा राहतो ती तग धरतात. मग प्रश्न सरळ होता. निसर्गाने बुजवलेला पाट माणसाने पुन्हा खोदला तर?

१९३८ साली बॉस्टनमध्ये डॉ. ग्रॉस यांनी एका मुलीचा उघडा राहिलेला हा पाट शस्त्रक्रियेने बंद करून दाखवला होता. बाई त्यांच्याकडे गेल्या. जो बंद करता येतो, तो नवा बांधताही यावा, हा विचार त्यांनी मांडला. डॉ. ग्रॉस यांना त्यात गोडी वाटली नाही. बाई परतल्या, पण विचार सोडला नाही. १९४१ साली डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक हे शस्त्रवैद्य हॉपकिन्सला आले. बाईंनी त्यांच्यापुढे हाच प्रश्न ठेवला आणि त्यांनी तो मनावर घेतला.

या ठिकाणी तिसऱ्या माणसाचे नाव घेतलेच पाहिजे, कारण ते फार वर्षे घेतले गेले नाही. व्हिव्हियन थॉमस हा ब्लेलॉकसाहेबांचा प्रयोगशाळेतला सहायक. सुताराचे काम शिकलेला, डॉक्टर होण्यासाठी जमवलेली पुंजी बँक बुडाल्याने गमावलेला, कृष्णवर्णीय तरुण. काम शास्त्रज्ञाचे करी आणि पगार झाडूवाल्याचा घेई, अशी आरंभी त्याची स्थिती होती. त्याने कुत्र्यांवर शेकडो प्रयोग करून हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसाच्या वाहिनीला कशी शिवावी हे बसवले, आणि तान्ह्या बाळांच्या बारीक वाहिन्यांसाठी सुया-चिमटे घासून लहान केले.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी पहिली शस्त्रक्रिया झाली. मुलगी पंधरा महिन्यांची, वजन जेमतेम चार किलो. आपल्याकडे चांगले बाळसे धरलेले दोन-तीन महिन्यांचे मूल याहून जड भरते. ब्लेलॉकसाहेब शिवत होते, थॉमस त्यांच्यामागे चौरंगावर उभा राहून टाका कसा पडावा ते सांगत होता, आणि टॉसिगबाई टेबलाच्या उशाशी उभ्या राहून बाळाचे तोंड न्याहाळत होत्या. मुलगी वाचली, सुधारली, घरी गेली. पण काही महिन्यांनी ती पुन्हा निळी पडली. दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली, आणि दुसरा वाढदिवस उगवण्यापूर्वीच ती गेली. यशाच्या कथेत हे लपवू नये. पुढे बरी झालेली हजारो मुले त्या लेकराची आणि तिला धीराने डॉक्टरांच्या हाती सोपवणाऱ्या आईबापांची ऋणी आहेत.

१९४५ च्या फेब्रुवारीत आणखी दोन मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतला सहा वर्षांचा मुलगा चालायलाही असमर्थ होता. रक्ताची वाट मोकळी झाली आणि टेबलावरच त्याचे जांभळे ओठ लाल झाले. त्या वर्षी मे महिन्यात हा वृत्तांत छापून आला, आणि देशोदेशीचे आईबाप निळी मुले कडेवर घेऊन बाल्टिमोरची वाट चालू लागले. पुढल्या पाच-सहा वर्षांत हजारावर मुलांवर ही शस्त्रक्रिया झाली. १९४७ साली बाईंनी आपल्या सतरा वर्षांच्या टिपणांवरून जन्मजात हृदयविकृतींवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. वाचताना अक्षरे उलटी दिसणाऱ्या मुलीने लिहिलेला तो ग्रंथ जगभरच्या डॉक्टरांनी वाचला.

तरुण डॉक्टर त्यांच्याकडे शिकायला येऊ लागले. आपल्या देशातून गेलेल्या डॉ. शिवरामकृष्ण पद्मावती त्यांतल्या एक. मूळच्या ब्रह्मदेशातल्या, युद्धात घरदार सोडावे लागलेल्या या बाई १९५३ साली दिल्लीच्या लेडी हार्डिंज महाविद्यालयात रुजू झाल्या आणि भारतातल्या पहिल्या स्त्री हृदयरोगतज्ज्ञ म्हणून नावाजल्या. डॉ. सुशीला नायर याच महाविद्यालयात शिकल्या होत्या. १०३ वर्षांचे आयुष्य लाभून पद्मावतीबाई २०२० साली गेल्या. विद्येचा दिवा असा हातोहात जातो.

टॉसिगबाईंचे आणखी एक काम प्रत्येक गरोदर बाईने ध्यानात ठेवावे. १९६२ च्या आरंभी त्यांच्या एका जर्मन विद्यार्थ्याकडून त्यांना कळले की त्याच्या देशात हातपाय नसलेली बाळे मोठ्या संख्येने जन्माला येत आहेत आणि झोपेच्या एका औषधाचा संशय आहे. थॅलिडोमाइड हे त्याचे नाव. गरोदरपणच्या मळमळीवर बायका ते बिनधोक घेत. बाई तडक जर्मनीला गेल्या, इस्पितळे हिंडल्या, बाळे पाहिली, आयांशी बोलल्या. परत येऊन त्यांनी व्याख्याने दिली, लेख लिहिले, अमेरिकेच्या लोकसभेपुढे साक्ष दिली. त्या देशात डॉ. फ्रान्सिस केल्सी या दुसऱ्या बाईने ते औषध परवानगीवाचून आधीच अडवून धरले होते. त्याच वर्षी औषधांच्या तपासणीचा कायदा तेथे कडक झाला. दोन बायकांच्या शंकेखोरपणाने किती पाळणे वाचले असतील, याचा हिशेब कोण करील?

मानसन्मान उशिरा आले, पण आले. हॉपकिन्सने त्यांना पूर्ण प्राध्यापक केले ते १९५९ साली. नाव जगभर होऊन तेव्हा चौदा वर्षे उलटली होती. १९६४ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या हस्ते अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. १९६५ साली तेथील हृदयरोग संघाच्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. थॉमसला हॉपकिन्सने १९७६ साली सन्माननीय डॉक्टर ही पदवी दिली. ब्लेलॉक आणि टॉसिग या दोघांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेत आता अनेक जण त्याचेही नाव जोडतात. बाईंना भेदाचा चटका स्वतः सोसावा लागला होता, तरी त्यांच्याच कामातला भागीदार इतकी वर्षे अंधारात राहिला. आपल्याला डावलले की आपल्याला लगेच कळते. दुसऱ्याला डावलले जाते तेव्हा मात्र शेजारी बसूनही दिसत नाही. हे आपण आपल्यापुरतेही तपासून पाहावे.

१९६३ साली निवृत्त झाल्यावरही बाई स्वस्थ बसल्या नाहीत. बरी झालेली मुले मोठी होऊन, स्वतःची मुले घेऊन भेटायला येत. म्हातारपणी त्या पक्ष्यांच्या काळजातल्या जन्मजात विकृतींचा अभ्यास करीत होत्या. २० मे १९८६ रोजी मतदानाच्या दिवशी त्या काही शेजाऱ्यांना आपल्या मोटारीतून घेऊन निघाल्या असता अपघात झाला आणि त्यांचा अंत झाला. अठ्ठ्याऐंशीवा वाढदिवस चार दिवसांवर आला होता.

आता आपल्या दाराशी येऊ. आज काळजाचे चित्र ध्वनिलहरींनी काढणारी यंत्रे मोठ्या इस्पितळांत आहेत. तो आडवा पाट बुजू न देणारे औषधही १९७० नंतर निघाले आहे. बाळाला वेळेत ओळखले तर ते औषध सुरू ठेवून शस्त्रक्रियेच्या गावी नेता येते. तेव्हा सारा प्रश्न ओळखण्याचा आहे, आणि ओळखण्याची सुरुवात घरातच होते. थंडीने तान्ह्याचे तळहात-तळपाय थोडे निळसर दिसले तर घाबरायचे कारण नाही. पण जीभ, हिरड्या, ओठ निळे दिसले, पिताना घाम आणि धाप आली, बाळ दूध ओढीनासे झाले किंवा पाय गार पडून ते मलूल झाले, तर पुढच्या सोमवारची वाट पाहू नये. आपल्या लेकरांचा वर्ण सावळा असतो, म्हणून गालावर नव्हे, जिभेवर पाहावे. आणि दिव्याच्या पिवळ्या उजेडात नव्हे, दाराशी दिवसाच्या उजेडात पाहावे.

बाळंतपणानंतर घरी यायच्या आधी बाळाच्या उजव्या हाताला आणि पायाला लावून रक्तातला प्राणवायू मोजणारा लहानसा चिमटा मिळतो. तो लावा असे आपण डॉक्टरांना म्हणू शकतो. काही दोष चिमट्यालाही सापडत नाहीत. म्हणून जांघेची नाडी बोटांनीच पाहावी लागते, आणि बाईंची ती जुनी रीत आजही कामास येते. २०१३ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते, आणि त्यात जन्मजात हृदयदोषांचाही समावेश आहे. अंगणवाडीत डॉक्टरांचे पथक येते त्या दिवशी मूल मामाच्या गावी पाठवू नका. आशाताईंनी दारात येऊन बाळ पाहायला मागितले तर दृष्ट लागेल म्हणून पदराखाली झाकू नका.

टॉसिगबाईंनी शिकवले ते एवढेच. उपाय हाती नसला तरी आजार नीट पाहावा, त्याचे खरे नाव घ्यावे आणि लिहून ठेवावे. कानांनी दगा दिला तर हाताने ऐकावे. आपल्यापैकी कोणी डॉक्टर नाही, पण बाळाच्या छातीवर हात ठेवून थांबायला आपल्याला कोणी शिकवायला नको. तो हात यापुढे थोडा जाणता व्हावा आणि निळे पडलेले बाळ पाहून सुनेकडे बोट न वळता पाय दवाखान्याकडे वळावेत, एवढीच या वर्धापनदिनी प्रार्थना.